घाव एका दिवसाचा की वर्षानुवर्षांचा : उपचार निवडण्याआधी

घरातलं माणूस रात्री दचकून उठतं, बारीकसारीक गोष्टीवर भडकतं, नाहीतर गप्पच बसतं. गोळ्या सुरू कराव्यात की बोलून होणारा उपचार, असा प्रश्न पडतो. त्याआधी मनावरचा घाव कसला आहे ते बघावं, असं मला कळकळीनं वाटतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेचा किल्लारीचा भूकंप ही एक घटना. अशा प्रसंगातून वाचलेल्याला तोच क्षण पुन्हा घडतोय असं वाटतं, दगडी घरात झोपायला तो धजत नाही, ट्रकनं खिडकी थरथरली तरी बाहेर पळतो. बहुतेकांचं हे हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही टिकलं आणि कामधंदा अडला, तर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मनाचा आजार, असू शकतो.

कोवळ्या वयात लग्न होऊन वर्षानुवर्षं मार सोसलेल्या बाईचं वेगळं असू शकतं. वरचं सगळं असतंच, शिवाय राग-रडू आवरत नाही किंवा काही वाटेनासंच होतं, ‘माझीच लायकी नाही’ हे मनात घट्ट बसतं, जवळच्या माणसावरही विश्वास बसत नाही. लोक ‘स्वभावच तसला’ म्हणून मोकळे होतात, आणि हा तिच्यावर दुसरा अन्याय आहे. २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत याला कॉम्प्लेक्स पीटीएसडी हे स्वतंत्र निदान आहे. डीएसएम-५ या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तकात नाही. त्यामुळं डॉक्टरांनी ते नाव घेतलं नाही तरी लक्षणं सगळी सांगा. निदान लक्षणांवरून ठरतं, नुसत्या घटनेवरून नाही.

एका घटनेच्या घावाला आघातावर काम करणारी सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी, बोलून होणारी थेरपी) किंवा ईएमडीआर (डोळे इकडून तिकडे हलवत आठवणीवर काम करणारी थेरपी), साधारण ८ ते १२ बैठका. दुसऱ्या प्रकारात वेळ जास्त लागतो. मारहाण चालूच असेल तर आधी तिची सुरक्षितता बघावी, जुन्या आठवणी नंतर.

सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या इथंही उपयोगी पडतात, विशेषतः जोडीला नैराश्य असेल किंवा थेरपिस्ट मिळत नसेल तेव्हा. मेडिकलवरून परस्पर आणलेली झोपेची गोळी मात्र नको. तिची सवय लागते, घाव तसाच राहतो.

तालुक्याला थेरपिस्ट मिळणं अवघड, म्हणून सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून करा. ऊसतोडीला बाहेर असणाऱ्यांना टेली-मानस या सरकारच्या फोनवरच्या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत नंबर सोयीचा. मराठीत बोलता येतं. थेरपिस्ट मिळाला तर पहिल्याच भेटीत विचारा: आघातावरची सीबीटी आणि ईएमडीआर, या दोन पद्धतींपैकी कशाचं प्रशिक्षण घेतलंय?