कबड्डीची मॅट की मुरुमाचं मैदान आणि कोच? गावच्या शाळेसाठी काय घ्यावं

आमच्या बेळगाव-खानापूर भागात मराठी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी पैसे गोळा केले की पुढची मीटिंग कशी होणार ते ठरलेलंच असतं. पुण्याला नाहीतर गोव्याला नोकरीला असलेले म्हणणार मॅट घ्या, पोरांना प्रो कबड्डीसारखं वाटेल, उद्घाटनाचे फोटोपण झकास येतील. गावात राहिलेले म्हणणार आधी ते आवार सरळ करा की, मग बघू मॅटचं. मला दोन्हीचा अनुभव आहे. शेजारच्या गावच्या हायस्कूलला एका देणगीदाराने मॅट दिली तेव्हा संध्याकाळी पोरांना खेळवायला मी जायचो, आणि आमच्या गावच्या शाळेत एसडीएमसीवर, म्हणजे शाळेच्या विकास समितीवर, आल्यावर आम्ही मैदान आणि मानधनावर कोच असं केलं. खाली जे लिहिलंय ते वापरून बघून आलेलं मत आहे, टेप लावून मोजलेलं नाही, तेवढं धरून वाचा.

मॅटचं चांगलं आधी सांगतो, कारण ते खरंच चांगलं आहे. पोरगं पकड करताना अंग टाकायला घाबरत नाही. मातीवर शिकलेला चढाईपटू बोनस रेषेपर्यंत जाऊन पाय काढून घेतो, मॅटवर तोच पोरगा एकदम मोकळा होतो, सूर मारून रेषा गाठतो. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच जाणवलं, पहिल्या आठवड्यातच. गुडघे-कोपरं मॅटवरपण सोलतात, भाजल्यासारखी जळजळ होते, पण खडा घुसत नाही. आणि पुढच्या मोठ्या स्पर्धा आता मॅटवरच होतात, त्यामुळं वर जाणाऱ्या पोराला कधीतरी मॅटची सवय करावीच लागते.

आता जो त्रास मला पुरून उरला तो सांगतो. मॅट टाकणं आणि उचलणं.

ऐकायला हे काहीच वाटत नाही. मोठ्या मुलांचं क्रीडांगण १३ बाय १० मीटरचं, म्हणजे एक मीटरच्या चौकोनी तुकड्यांचे १३० तुकडे, बाहेरची पट्टी वेगळीच. शाळेला हॉल नाही म्हणून मॅट रोज काढायची आणि रोज ठेवायची. ठेवायची कुठं, तर बिसीऊटाच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, तांदळाच्या खोलीत, कारण पत्रा न गळणारी खोली तेवढीच. तिथं उंदीर असणारच, त्यांनी तांदूळ सोडून मॅटच्या कडा कुरतडल्या. तुकड्यांच्या पाठीमागं मार्करने नंबर घातले होते तरी कुणीतरी घाईत ३४ च्या जागी ४३ लावायचा, मग त्या ओळीतल्या तुकड्यांचे एकमेकांत अडकणारे दात बसायचे नाहीत, परत सगळं उपसा. त्यात जून ते सप्टेंबर आमच्याकडं पाऊस कसा असतो ते खानापूरवाल्यांना सांगायला नको. ओल धरलेला तुकडा फुगतो, दात नीट अडकत नाहीत, फट राहते आणि त्या फटीत पायाचा अंगठा जातो. पीटीचा तास चाळीस मिनिटांचा, त्यातला निम्मा टाकण्यात जायचा, बाकीच्यात पोरं खेळायची आणि मुलींचा नंबर यायच्या वेळेला घंटा. बरं उचलायची पण मुलींनीच, कारण पोरं तोवर घराकडं पळालेली असायची. हे बघून माझं डोकं खरंच उठायचं. हळूहळू व्हायचं तेच झालं, मॅट २६ जानेवारीला आणि पाहुणे येणार असतील तेव्हा बाहेर निघायला लागली.

त्यात अजून एक आहे. मॅट टाकायला खाली जागा सपाट आणि टणक लागतेच. खडबडीत आवारात टाकली तर सांधे उघडतात. म्हणजे मॅट घेतली तरी मैदानाचा खर्च चुकत नाही, नुसता पुढं ढकलला जातो. आम्हाला आलेली कोटेशनं लाख-दीड लाखाच्या पुढचीच होती, एक स्वस्तातलं होतं पण त्याची जाडी बघून मीच नको म्हटलं.

मैदानाचं गणित जमिनीवर आहे. खानापूर, बेळगाव पश्चिमेला तांबडी माती आणि जांभा, पाणी लवकर मुरतं पण खडे जाम. निपाणी, चिकोडी, अथणीकडं काळी माती, ती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिथं वरचा थर काढून मुरूम जास्त भरावा लागेल, खर्च वाढेल, त्यामुळं तिकडच्या लोकांनी माझं आंधळेपणाने ऐकू नये. आम्ही काय केलं तर चढाच्या बाजूला चर मारला, म्हणजे वरच्या शेतातलं पाणी मैदानात न येता बाजूने जातं. मग खडे वेचले, मुरूम पसरला, पाणी मारून रोलर फिरवला, परत मुरूम, परत रोलर. कबड्डीच्या पट्ट्यात वर चाळलेली बारीक माती टाकली. खो-खोचे दोन खांब रोवले, जमिनीच्या वर १२० सेंटीमीटर. रेषांना फक्की. दरवर्षी पाऊस संपला की थोडी डागडुजी करावी लागते, उन्हाळ्यात रोज पाणी शिंपडावं लागतं नाहीतर धूळ नाकातोंडात जाते, हा त्रास आहेच, नाकारत नाही. शाळेच्या मैदानाची कामं नरेगातून झालेली आमच्या भागात आहेत, पण सध्याचे नियम काय ते पंचायतीत पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांनाच विचारा.

एक फायदा मात्र मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. २७ बाय १६ मीटरच्या खो-खोच्या मैदानात कबड्डी आरामात बसते, आणि खो-खोत एका संघाचे नऊ जण उतरतात, म्हणजे एका वेळी अख्ख्या वर्गातली बरीच पोरं कामाला लागतात. खो-खो पण आता वरच्या पातळीवर मॅटवर गेलाय, २०२५ च्या जानेवारीत दिल्लीचा वर्ल्डकप मॅटवरच झाला, आपल्या दोन्ही टीम जिंकल्या. पण तेवढी मोठी मॅट गावच्या शाळेने घ्यायची म्हणजे विषयच संपला.

आणि कोच. माझ्या मते खरा फरक इथं पडला. सरकारी मराठी शाळांत पीटीचे सर बऱ्याच ठिकाणी नाहीतच, गणिताचे गुरुजीच शिट्टी घेऊन उभे राहतात. मॅटचे वाचलेले पैसे आम्ही बँकेत टाकले आणि त्यातून मानधन सुरू केलं. कोच म्हणजे गावातलाच, जिल्ह्याला खेळलेला, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत वर्कशॉपला कामाला. सेकंड शिफ्ट असली की सकाळी येतो, फर्स्ट असली की संध्याकाळी. हे थोडं लटपटतंच, शिफ्ट बदलली की वेळापत्रक पण बदलतं. पण त्याने पहिल्या महिन्यात सामनाच खेळवला नाही. नुसतं बसणं, उठणं, खो दिला की पहिलं पाऊल कुठं पडतं ते. एक सहावीतली मुलगी पाटीतून, म्हणजे खो-खोत बसायच्या जागेवरून, उठताना कायम आधी मागं बघायची, त्यात अर्धं पाऊल जायचं, ते त्याने पकडलं, बाजूला पाटीत बसून तिला परत परत उठायला लावलं. ती सवय गेली आणि तालुक्याला तिने सगळ्यात जास्त गडी मारले. मॅटने हे दाखवलं नसतं, एवढंच म्हणेन. मुलींच्या सरावाला एक बाई शिक्षिका हजर राहतीलच हे मात्र पहिल्या दिवशीच ठरवून घ्या, पालकांचा अर्धा विरोध तिथंच गळतो.

मॅटवाल्यांवर अन्याय नको. शाळेला हॉल असेल किंवा चांगलं छत असलेला मोठा व्हरांडा असेल तर माझा मुख्य मुद्दाच उरत नाही, मॅट घ्या. ज्युदो किंवा कुराश (ज्युदोसारखाच कुस्तीचा प्रकार) करायचं असेल तर मॅटशिवाय सुरुवातच नाही. आपल्या तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये कुराशचं ब्राँझ आणलं तेव्हा आमच्याकडं कितीतरी शाळांना तो खेळ करावासा वाटला, तिथं मुरूम काय कामाचा. आणि तुमची टीम दरवर्षी जिल्ह्याच्या पुढं जात असेल तर तुमचा प्रश्न वेगळाच आहे.

बाकीच्यांनी माझ्या मते मैदान आणि कोच आधी, किमान दोन वर्षं तरी मानधन निघेल एवढे पैसे बाजूला ठेवूनच. तालुका जिंकलात तर पुढच्या सरावापुरती जवळच्या हायस्कूलची मॅट मागता येते, आम्ही तसंच करतो, टेम्पोचं भाडं आणि चहा आपला. आणि तरीही मॅटच घ्यायची ठरली तर १३ बाय १० च्या हट्टाला पेटू नका, लहान गटाचं क्रीडांगण ११ बाय ८ चं असतं, म्हणजे ८८ तुकडे. कोटेशनवर जाडी लिहून घ्या, चार-पाच तुकडे जादा मागा, आणि ठेवायची खोली ऑर्डर द्यायच्या आधी बघून या.