मतदार सेवा पोर्टल : मुंबई उत्तर-पश्चिमच्या एका मतदाराचा अभिप्राय

४ जून २०२४ रोजी मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल जाहीर झाला, तेव्हा शिवसेनेचे रवींद्र वायकर यांना ४,५२,६४४ आणि शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे अमोल कीर्तिकर यांना ४,५२,५९६ मते मिळाली होती. नऊ लाखांहून अधिक मते दोघांत विभागली गेली आणि खासदार ठरला तो ४८ मतांनी. गोरेगावातल्या एखाद्या टॉवरच्या एकाच विंगमध्ये याहून जास्त मतदार राहतात. मतदार यादीत आपले नाव आहे की नाही, हा प्रश्न इथे किती गंभीर आहे, हे त्या दिवशी सर्वांना कळले. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलकडे मी याच दृष्टीने पाहतो.

यादीत नाव शोधण्याची सोय हे या पोर्टलचे सर्वांत मोलाचे अंग आहे. ओळखपत्राचा क्रमांक टाकला की विधानसभा आणि लोकसभा मतदारसंघ, भाग क्रमांक, अनुक्रमांक व मतदान केंद्राचा पत्ता एकत्र समोर येतो. ओळखपत्र हाती आहे म्हणजे यादीत नाव आहेच, असे मानून बसणारी माणसे अजूनही पुष्कळ आहेत; त्यांनी हा शोध एकदा तरी घ्यावाच. क्रमांक हाताशी नसेल तर वैयक्तिक तपशील भरूनही शोधता येते, मात्र जिल्हा निवडताना ‘मुंबई शहर’ नव्हे, ‘मुंबई उपनगर’ निवडावा.

उपनगरात आपला खासदार कोणता, हेही अनेकांना नेमके ठाऊक नसते. जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व हे सहा विधानसभा मतदारसंघ आपल्याकडे येतात. मालाड पूर्वेचा बराचसा भाग दिंडोशीत म्हणून आपल्यात, तर मालाड पश्चिम मुंबई उत्तरमध्ये. अंधेरीच्या पुढच्याच स्थानकाचे विलेपार्ले मुंबई उत्तर-मध्यमध्ये. हा घोळ पोर्टल क्षणात सोडवते.

एक उणीव मात्र मला खरोखर खटकते. लोकसभा मतदारसंघाचे नाव दाखवणाऱ्या त्याच पानावर विद्यमान खासदाराचे नाव दिसत नाही. खासदारांनी सभागृहात कोणते प्रश्न विचारले आणि कोणत्या चर्चांत भाग घेतला, ही माहिती संसदेच्या संकेतस्थळावर उपलब्ध असते. तिथे नेणारा एक दुवा दिला, तर मतदाराचा प्रतिनिधीशी संबंध केवळ मतदानाच्या दिवसापुरता राहणार नाही. इतक्या साध्या गोष्टीसाठी नागरिकाला दोन ठिकाणी धुंडाळावे लागू नये.

अर्जांची व्यवस्था चांगली आहे. नव्या नोंदणीसाठी नमुना ६ आणि पत्ताबदल किंवा दुरुस्तीसाठी नमुना ८ घरबसल्या भरता येतो. इमारत पुनर्विकासाला गेली म्हणून मीरा रोडला भाड्याने राहायला गेलेल्या जोगेश्वरीकराचा लोकसभा मतदारसंघच बदलून ठाणे होतो, हे सहसा कोणी सांगत नाही. उमेदवारी अर्जांची मुदत संपल्यावर त्या निवडणुकीसाठी यादीत नवे नाव घातले जात नाही. म्हणून घर बदलणाऱ्यांनी निवडणूक जाहीर होण्याची वाट न पाहता, भाडेकराराची नोंदणी झाली की त्याच आठवड्यात नमुना ८ भरून टाकावा.