वेरूळचं जुनं चित्र टाकायचं कुठे: फ्लिकर, इंटरनेट आर्काइव्ह की कॉमन्स?

स्कॅन तयार आहे, पण आधी चित्र नीट बघा. थॉमस डॅनिएल या इंग्रज चित्रकारानं वेरूळच्या लेण्यांची 24 दृश्यं 1803 मध्ये लंडनला छापली, ती जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून. वेल्स 1795 मध्येच वारला होता. त्याच सुमारास पुण्याच्या गंगाराम तांबटानं तिथला इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळ रेखाटलं. त्याची चित्रं आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत. डॅनिएलच्या छाप्यापुरतं बोलायचं तरी 'चित्रकार कोण' याची उत्तरं दोन, आणि 'ठिकाण' तीन: दिसतं ते वेरूळ, छापलं ते लंडन, आणि प्रत जिथे आहे ते.

फ्लिकर, म्हणजे फोटो ठेवायचं संकेतस्थळ, सगळ्यात सोपं. पण एका चित्राला नकाशावर टाचणी एकच, आणि चित्रकाराचा वेगळा रकाना नाही. सगळं वर्णनात कोंबायचं. मोफत खात्यात 1000 चित्रांची मर्यादा. ब्रिटिश लायब्ररीनं 2013 मध्ये जुन्या पुस्तकांतली दहा लाखांहून जास्त चित्रं इथे टाकली, ती यंत्रानं पानांतून उचललेली. त्यामुळे लेखक म्हणून दिसतो तो पुस्तकाचा, ठिकाण दिसतं ते प्रकाशनाचं. कोकणातला किल्ला 'लंडन' शोधल्यावर सापडतो, ही गंमत तिथलीच.

इंटरनेट आर्काइव्ह, म्हणजे ऑनलाइन मोफत ग्रंथालय, अख्ख्या पुस्तकासाठी उत्तम, कारण चित्राच्या मागचा-पुढचा मजकूर जागेवर राहतो. सुटं चित्र मात्र तिथे हरवतं.

कॉमन्स, म्हणजे विकिपीडियाच्या परिवारातलं मुक्त चित्रभांडार, किचकट आहे, पण या कामाला तेच. रेखाटणारा आणि छपाईसाठी ते पत्र्यावर कोरणारा, दोघांनाही निर्माता म्हणून नोंदवून कोणाची काय भूमिका तेही लिहिता येतं. चित्रकार कुठे उभा होता आणि समोर काय दिसतंय, यांचे अक्षांश-रेखांश वेगळे देता येतात. संग्रहालय आणि तिथला नोंद क्रमांक यांनाही आपापली जागा आहे. चूक झाली तर दुसरा कोणीही दुरुस्त करतो, जुनी नोंद इतिहासात राहते. (फ्लिकरवर तुमचं वर्णन तुम्हीच बदलणार, म्हणजे बहुधा कधीच नाही.)

त्रास एकच: हक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, पुरावा मागतात. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो, शिवाय अमेरिकेतला हक्कही संपलेला लागतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या छाप्याला अडचण नाही, 1950 च्या मासिकातल्या मुखपृष्ठाला नक्की येईल. तिथे 'सौजन्य: इंटरनेट' चालत नाही.

पुस्तक अख्खं असेल तर मी ते आर्काइव्हवर ठेवते, त्यातली महत्त्वाची चित्रं कॉमन्सवर, आणि तिथे स्रोत म्हणून आर्काइव्हचा दुवा व पान क्रमांक देते. स्कॅन करताना खालची पांढरी कड कापू नका. बहुतेक छाप्यांवर तिथेच बारीक अक्षरात डावीकडे रेखाटणाऱ्याचं नाव असतं, उजवीकडे कोरणाऱ्याचं.