हॉट प्लेट, ॲक्टोफोटोमीटर आणि मेटाबॉलिक केज: बेळगावच्या प्रयोगशाळेतून एक परीक्षण

बेळगावच्या आमच्या फार्मसी महाविद्यालयात एम.फार्म. आणि पीएच.डी.च्या कामासाठी गेल्या शैक्षणिक वर्षात तीन उपकरणे घेण्यात आली: एडीची हॉट प्लेट (तापलेल्या पृष्ठभागावर वेदनेचा प्रतिसाद पाहण्यासाठी), ॲक्टोफोटोमीटर (उंदराची हालचाल मोजण्यासाठी) आणि रॅटसाठी, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरासाठी, मेटाबॉलिक केज (खाणे आणि मलमूत्र मोजण्याचा पिंजरा). तिन्ही एकाच उत्पादकाची असून माहितीपत्रकात त्यांचे वर्णन वेदना, झोप आणि भूक यांच्या अभ्यासाचा संपूर्ण संच असे केले आहे. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण याच घडणीची उपकरणे थोड्याफार फरकाने अनेक जण विकतात आणि खाली लिहिलेले गुणदोष त्या सर्वांनाच कमीअधिक लागू पडतात. खानापूर, निपाणी, गडहिंग्लज या भागांतील सहकारी खरेदीपूर्वी विचारणा करत असतात, त्यांना हे उपयोगी पडावे. आधीच सांगतो की हॉट प्लेट थोडी कामे करून घेतल्यास पैसे वसूल करणारी आहे, केज ठीक आहे आणि ॲक्टोफोटोमीटर झोपेच्या अभ्यासासाठी म्हणून कोणी घेऊ नये.

हॉट प्लेटची पद्धत जुनी आहे. वूल्फ आणि मॅकडोनाल्ड यांनी ती १९४४ साली मांडली आणि एडी व लाइमबाख यांनी १९५३ मध्ये तिला आजचे रूप दिले; त्यामुळे आपल्याकडे तिला सरसकट एडीची हॉट प्लेट म्हणतात. ५५ अंश सेल्सिअसला तापलेल्या पृष्ठभागावर पांढरा उंदीर ठेवायचा आणि तो मागचा पाय चाटेपर्यंत, झटकेपर्यंत किंवा उडी मारेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचे. पुढचे पाय चाटणे मोजत नाहीत, कारण अंग स्वच्छ करतानाही उंदीर ते करतोच. साधारण १५ सेकंदांत प्रतिसाद आला नाही तर त्याला उचलून घ्यायचे, कारण त्यापुढे तळव्याची त्वचा भाजते आणि औषधाचा परिणाम मोजणे बाजूला राहून नुसती इजा होते. प्राणीप्रयोगांना परवानगी देणाऱ्या नीतिसमितीकडे अर्ज करताना ही वेळमर्यादा स्पष्ट लिहावी लागते आणि ते योग्यच आहे.

या पद्धतीचा सगळा डोलारा तापमानावर उभा आहे. अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक चालत नाही, कारण एखाद्या अंशानेही प्रतिसादाची वेळ लक्षणीय बदलते. आमच्याकडे आलेल्या यंत्राच्या डिजिटल पडद्यावर ५५.० हा आकडा छान स्थिर दिसत असे. मात्र थर्मोकपलचे (तापमान मोजणाऱ्या तारेचे) टोक प्लेटच्या निरनिराळ्या जागी टेकवून पाहिले तेव्हा मध्यभागी ५५ आणि कोपऱ्यात जेमतेम ५३ अंश आढळले. संवेदक नेमका मध्यभागी, हीटरच्या डोक्यावर बसवलेला होता, त्यामुळे पडदा खोटे बोलत नव्हता; तो फक्त मधले तेवढे सांगत होता. उंदीर कुठे उभा राहावा हे आपण ठरवत नाही. बहुतेक उंदीर, ते निसटू नयेत म्हणून प्लेटवर ठेवलेल्या नळकांड्याच्या कडेला चिकटतात, म्हणजे नेमके थंड जागी जातात, आणि आपण वहीत वेदनाशामक परिणाम नोंदवून मोकळे होतो.

उत्पादकाकडे तक्रार केल्यावर "कॅलिब्रेशन प्रमाणपत्र सोबत दिलेले आहे" असे उत्तर आले. शेवटी प्लेट उद्यमबागेतील एका वर्कशॉपमध्ये नेली. फौंड्री आणि मशिनिंगच्या कामांसाठी ही वसाहत प्रसिद्ध आहे आणि आपल्या गावात राहण्याचा हा एक फायदा आहे. तेथील मिस्त्रींनी झाकण उघडून बोटाने वाजवून पाहिले आणि म्हणाले, "सर, हीटर चांगला हाय, पत्रा पातळ हाय बघा. पातळ तव्यावर भाकरी मधीच करपतीया." त्यांनी जाड ॲल्युमिनियमची प्लेट कापून, घासून, सपाट करून बसवली. तापायला आता जास्त वेळ लागतो, पण कडा आणि मध्य यांतला फरक अर्ध्या अंशाच्या आत आला आहे. व्होल्टेज खालीवर होण्याचा त्रास मात्र वेगळा होता. त्यासाठी स्टॅबिलायझर लावावा लागला. नवीन घेणाऱ्यांनी नुसता चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट न घेता पीआयडी नियंत्रक (हीटरची शक्ती हळूहळू कमीजास्त करून तापमान स्थिर ठेवणारा) मागावा, कारण साध्या थर्मोस्टॅटचे तापमान ठरलेल्या आकड्याच्या वरखाली सतत झुलत राहते.

दोन गोष्टींसाठी या यंत्राचे कौतुक केले पाहिजे. एक म्हणजे वेळमापक पायाने चालवायचा आहे. उंदीर सोडताना आणि उचलताना दोन्ही हात गुंतलेले असतात, त्यामुळे पायाखालचे बटण ही चैन नसून गरज आहे. दुसरे म्हणजे कट-ऑफ वेळ, म्हणजे वर सांगितलेली वेळमर्यादा, संपताच मोठा आवाज होतो. प्राणी उचलण्याचे काम अर्थातच माणसाचेच राहते. याउलट ॲक्रिलिकचे पारदर्शक नळकांडे लवकरच धूसर झाले आणि त्यावर बारीक चिरा पडल्या. मुलांनी ते सवयीने स्पिरिटने पुसले होते. अल्कोहोलने ॲक्रिलिक तडकते, हे माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेले नाही. सौम्य साबणाचे पाणी वापरावे, आणि प्रत्येक उंदरानंतर वापरावेच, कारण आधीच्या घाबरलेल्या उंदराचा वास राहिला तर पुढच्याचे वागणे बदलते. वासाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगतो: पुरुष प्रयोगकर्ता, किंवा नुसता त्याने घातलेला टी-शर्ट, जवळ असला तरी उंदरांची वेदनेची लक्षणे कमी दिसतात, असे मॅकगिल विद्यापीठाच्या गटाने २०१४ साली दाखवले. तेव्हा एका गटाची चाचणी विद्यार्थ्याने आणि दुसऱ्या गटाची विद्यार्थिनीने घ्यायची, ही आपल्याकडची कामाची वाटणी बंद करावी.

हॉट प्लेट काय मोजते आणि काय मोजत नाही, हे खरेदी समितीला समजावणे अवघड जाते. पाय चाटणे आणि उडी मारणे या क्रियांत मेंदूचा सहभाग असतो. उलट द'आमूर आणि स्मिथ यांच्या १९४१ च्या टेल-फ्लिक चाचणीतील शेपटीचा झटका हा मुख्यतः मज्जारज्जूच्या पातळीवरचा प्रतिक्षेप आहे. त्यामुळे मॉर्फीन किंवा पेंटॅझोसिनसारखी मेंदू-मज्जारज्जूवर काम करणारी मध्यवर्ती औषधे हॉट प्लेटवर ठळक दिसतात, तर ॲस्पिरिनच्या जातीची औषधे तेथे फारशी चमकत नाहीत. ती रसायन टोचून वेदना निर्माण करणाऱ्या चाचण्यांत, म्हणजे ॲसिटिक ॲसिडच्या चाचणीत किंवा फॉर्मॅलिन चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात दिसतात. खानापूरच्या जंगलातील एखाद्या पानाचा अर्क हॉट प्लेटवर निष्प्रभ ठरला, म्हणून तो वेदनाशामक नाही असा निष्कर्ष काढणारे प्रबंध मी वाचले आहेत. त्याच्या उलटची चूकही तितकीच सर्रास होते. औषधाने उंदीर गुंगला किंवा त्याचे स्नायू ढिले पडले, तर त्याला चटका बसत असूनही पाय उचलता येत नाही. म्हणून हॉट प्लेटच्या जोडीला हालचाल मोजणारे यंत्र आणि रोटारॉड (फिरत्या दांड्यावर उंदीर तोल सांभाळतो का ते पाहणारे उपकरण) लागतातच. रोटारॉड आमच्याकडे आधीपासून होता.

ॲक्टोफोटोमीटरचा खरा उपयोग तेथेच आहे. चौकोनी पेटीत अवरक्त किरण आडवेउभे सोडलेले असतात आणि उंदीर किरण तोडतो तेव्हा आकडा एकाने वाढतो. डायझेपाम हे गुंगी आणणारे औषध दिल्यावर आकडा घसरतो. मॉर्फीन दिलेले उंदीर मात्र, रॅटप्रमाणे सुस्त न होता, शेपटी ताठ उभारून पेटीत गोल गोल धावत सुटतात. या ताठ शेपटीचे वर्णन स्ट्राउब यांनी १९११ साली केले होते. तुलना म्हणून हे उपकरण विश्वासार्ह आहे, फक्त खिडकीतून थेट ऊन आल्यास ते गोंधळते आणि किरण टिपणाऱ्या फोटोसेलवर भुसा बसला की एखादी रांग मोजायचीच थांबते. उंदीर किरणाच्या बरोबर मध्ये बसून कान खाजवू लागला तर तो एका जागी असूनही आकडे भराभर वाढतात. हे सगळे सांभाळता येते.

माहितीपत्रकातला झोपेचा दावा मात्र मान्य करता येणार नाही. उंदीर हलत नाही म्हणजे तो झोपला, असे हे यंत्र गृहीत धरते. निश्चल उंदीर घाबरून थिजलेला असू शकतो, गुंगलेला असू शकतो किंवा नुसता बसून असू शकतो. झोप ठरते ती मेंदूच्या विद्युतलहरींवरून आणि मानेच्या स्नायूंच्या ताणावरून: गाढ झोपेत ०.५ ते ४ हर्ट्झच्या संथ, उंच लहरी दिसतात, तर रेम झोपेत (डोळे भराभर हलतात त्या टप्प्यात) थीटा लहरी आणि पूर्ण सैल पडलेले स्नायू दिसतात. त्यासाठी कवटीत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया, प्रवर्धक आणि तासन्तास चालणारी नोंद लागते. अश्वगंधेच्या पानांतील ट्रायएथिलीन ग्लायकॉलमुळे उंदरांची नॉन-रेम झोप वाढते, असे २०१७ साली जपानच्या त्सुकुबा विद्यापीठातील गटाने म्हटले, तेव्हा त्यांनी विद्युतलहरींची नोंद समोर ठेवली होती. जटामांसीपासून ब्राह्मीपर्यंत प्रत्येक वनस्पतीवर झोपेचे शिक्के मारणाऱ्या आपल्या विभागांनी निदान एवढे तरी पाहावे.

ज्यांना इतका खर्च झेपणार नाही त्यांच्यासाठी व्हिडिओची पद्धत आहे. सलग ४० सेकंद किंवा अधिक निश्चल राहिलेला उंदीर झोपलेला धरायचा. विद्युतलहरींच्या नोंदीशी हा नियम बऱ्यापैकी जुळतो. या ॲक्टोफोटोमीटरला तेही जमत नाही, कारण तो फक्त एकूण बेरीज दाखवतो. कोणत्या मिनिटाला किती हालचाल झाली याची नोंद तो ठेवत नाही आणि संगणकाला जोडण्याची सोय नाही. या किमतीत ती असायला हवी होती. पेंटोबार्बिटोन हे झोपेचे औषध देऊन उंदीर किती मिनिटे उताणा पडून राहतो हे मोजण्याची जुनी पद्धत यंत्राविना करता येते, पण तिच्यात एक खोच आहे: अर्काने यकृतातील विकरे मंदावली तर पेंटोबार्बिटोन शरीरात जास्त वेळ टिकते आणि मेंदूवर काहीही परिणाम न होता झोप लांबल्यासारखी दिसते.

झोप आणि भूक यांची सांगड माहितीपत्रकात कशी आली असावी, हे मात्र समजण्यासारखे आहे. १९९८ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागातील ओरेक्सिन हे संदेशवाहक द्रव्य शोधले, तेव्हा एका गटाने ते रॅटच्या मेंदूत सोडल्यावर रॅट जास्त खाऊ लागल्याचे सांगितले. पुढच्याच वर्षी, ओरेक्सिन नसलेले उंदीर आणि त्याच्या रिसेप्टरमध्ये दोष असलेले डॉबरमन कुत्रे नार्कोलेप्सीच्या (अवेळी झोप येण्याच्या विकाराच्या) झटक्यांनी कोसळतात, हे पुढे आले. त्याच धाग्यावरून पुढे ओरेक्सिनचे काम रोखणारे सुव्होरेक्संट हे निद्राजनक औषध २०१४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

मेटाबॉलिक केजबद्दल थोडक्यात. खाद्याचे भांडे पिंजऱ्याबाहेर काढलेल्या बोगद्यात आहे, त्यामुळे सांडलेला चुरा वेगळ्या तबकात पडतो आणि खाल्लेल्यात धरला जात नाही. लघवी आणि लेंड्या वेगळ्या करणारा शंकूही नीट बसतो. रॅट निशाचर असल्याने बहुतेक खाणे रात्री होते, तेव्हा सकाळी दहा ते पाच या कार्यालयीन वेळेत घेतलेले वजन निरर्थक आहे. एकट्या पिंजऱ्यात, जाळीवर ठेवलेला रॅट सुरुवातीला कमी खातो, म्हणून सरावाचे काही दिवस सोडून मगच मोजणी सुरू करावी. खाणे कमी झाले म्हणजे भूक कमी झाली असेही नाही. रॅटला उलटी करता येत नाही, मळमळ झाली तर तो केओलिनसारखी माती खातो, आणि ती शेजारी ठेवली तर हा फरक कळतो. जाळीच्या वेल्डिंगवर पावसाळ्यात गंज दिसला. बेळगावच्या जून-जुलैमधील हवेत हे अपेक्षित आहे, तेव्हा एसएस ३०४ (स्टेनलेस स्टीलचा प्रकार) असे कोटेशनमध्ये लिहूनच घ्यावे.

बी.फार्म.च्या वर्गांसाठी यातले काहीही घेऊ नये. फार्मसी कौन्सिलच्या अभ्यासक्रमानुसार त्या पातळीवर प्राणीप्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवरच दाखवायचे आहेत आणि पुदुच्चेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेत तयार झालेले एक्सफार्म हे सॉफ्टवेअर त्यासाठी पुरेसे आहे. पदव्युत्तर विभागाने हॉट प्लेट घ्यावी, पण पैसे चुकते करण्यापूर्वी विक्रेत्याच्या माणसासमोर चारही कोपऱ्यांचे तापमान मोजून त्या कागदावर त्याची सही घ्यावी. ॲक्टोफोटोमीटर घ्यायचा तर मिनिटागणिक नोंद ठेवणारा घ्यावा, किंवा तेच पैसे एका चांगल्या अवरक्त कॅमेऱ्यात घालावेत. सेवेसाठी येणारा अभियंता हुबळीहून येतो आणि फोन केल्यावर पुढच्या आठवड्याची तारीख देतो. हीटरची एक जादा कॉइल आणि फ्यूज सुरुवातीच्या ऑर्डरमध्येच मागवून ठेवावेत.