टर्बोशिवाय २५० हॉर्सपॉवर: के२० घ्यावं की के२४?

एडिसनहून इंग्लिशटाउनची ड्रॅग स्ट्रिप, म्हणजे सरळ रेषेत शर्यत लावायचा ट्रॅक, अर्ध्या तासावर होती. २०१८ साली ती बंद झाली, २०२३ मध्ये ॲटकोची स्ट्रिपही गेली. तरी न्यू जर्सीतल्या आम्हा मंडळींचा होंडाचा नाद सुटलेला नाही. कुणाच्या हाती नव्वदच्या दशकातली सिव्हिक आली की प्रश्न ठरलेला: टर्बो नको, मग के२० बसवू की के२४?

दोन्ही होंडाच्या एकाच घराण्यातली इंजिनं, एक दोन लिटरचं, दुसरं २.४ लिटरचं. २००२ च्या ॲक्युरा (होंडाचाच ब्रँड) आरएसएक्स टाइप-एसमधलं के२०ए२ म्हणजे १९९८ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) दोन्ही ८६ मिमी. २००४ च्या ॲक्युरा टीएसएक्समधलं के२४ए२ म्हणजे २३५४ सीसी, बोअर ८७ आणि स्ट्रोक ९९. कंपनीने दोघांनाही २०० हॉर्सपॉवरच दिली, म्हणून बरेच जण फसतात. फरक टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या जोरात आहे: के२० ला साधारण १९२ न्यूटन-मीटर, के२४ ला २२५.

टर्बो नसलेल्या इंजिनात लिटरमागे मिळणारा टॉर्क फार वाढवता येत नाही. चांगले कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे), हेडर (एक्झॉस्टचे मोकळे पाइप) आणि वाढवलेलं कॉम्प्रेशन धरून वरच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) लिटरमागे १०५ न्यूटन-मीटर पकडा. के२० ला झाले २१०. तेवढ्यावर २५० हॉर्सपॉवर काढायची तर इंजिन ८५०० पर्यंत न्यावं लागतं. के२४ ला होतात २४७, आणि तेच काम ७२०० ला उरकतं. मधले १३०० आरपीएम फुकट मिळत नाहीत. व्हॉल्व्ह स्प्रिंग, रिटेनर, रॉड, बेअरिंग, सगळ्यांवर ते पैसे मागतात.

के२४ ची दुखरी बाजू म्हणजे लांब स्ट्रोक. ८००० आरपीएमला के२४ च्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २६.४ मीटर होतो, आणि वेग वाढला की ताणही वाढतो. के२० तो वेग ९२०० ला गाठतं. त्यामुळे ९००० ला किंचाळणारं इंजिन हवं असेल तर के२० ला तोड नाही. तो आवाज एकदा कानात बसला की जात नाही, हे मलाही मान्य आहे.

आता ऑइल पंप, कारण के२४ चं सगळं इथे अडतं. मूळ पंपाला बॅलन्स शाफ्ट (इंजिनची थरथर कमी करणारे दांडे) जोडलेले असतात आणि आरपीएम वर गेले की ऑइलचा फेस होतो. आरएसएक्स टाइप-एसचा पंप चेन आणि टेन्शनरसकट बसवायचा, मगच इंजिन ताणायचं. माझ्या एका मित्राने ‘नंतर बघू’ म्हणून ते ठेवून दिलं. दुसऱ्याच महिन्यात स्ट्रिपवर, तिसऱ्या गिअरमध्ये, खालून ठोके ऐकू आले. घरी ऑइल काढलं तर बादलीत बेअरिंगची चकाकती पूड तरंगत होती. अख्खं इंजिन गेलं.

के२४ चा ब्लॉक के२० पेक्षा १९.५ मिमी जास्त उंच आहे. जुन्या सिव्हिकमध्ये बॉनेट नीट बंद होईल का, हे इंजिन माउंट विकत घ्यायच्या आधीच मोजा.

हेडबद्दल, म्हणजे व्हॉल्व्ह आणि कॅम असलेल्या इंजिनच्या वरच्या भागाबद्दल, एकच सांगतो: के२४ए२ चं हेड मुळातच चांगलं आहे, के२० च्या हेडमागे धावायची गरज नाही. मोठे कॅम टाकलेत तर मात्र पिस्टन आणि व्हॉल्व्हमधली जागा मोजल्याशिवाय चावी फिरवू नका. पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली क्ले लावायची, हेड बसवून क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा, हेड उघडून क्ले ब्लेडने कापायची आणि सर्वांत पातळ जागी व्हर्नियर लावायचा. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी तरी हवेत. व्हीटीसी (इनटेक कॅमचं टायमिंग पुढेमागे करणारी यंत्रणा) जितकं पुढे जाणार तितकंच पुढे ठेवून इनटेक मोजायचा. कित्येक जण इथेच चुकतात.

पेट्रोल पंपावरच्या ९३ ऑक्टेनच्या पेट्रोलवर मी कॉम्प्रेशनचं प्रमाण १२ च्या वर नेत नाही. ई८५ (भरपूर इथेनॉल मिसळलेलं इंधन) घराजवळ मिळत असेल तर १३ चालतं, पण इंधन जवळपास तीस टक्के जास्त लागतं आणि इंजेक्टर मोठे घ्यावे लागतात.

आठवडाभर इथल्या रूट वन हायवेच्या सिग्नलवर अडकून रविवारी स्ट्रिपवर जाणार असाल तर डोळे झाकून के२४ घ्या. ३००० लाही गाडी ओढते, क्लच जळत नाही. पुढची चाकं पहिल्या गिअरमध्ये फिरत राहतील, म्हणून स्लिक (खाचा नसलेल्या, जास्त पकडीच्या) टायरचे पैसे आधीच बाजूला काढा. आरएसएक्स टाइप-एस आधीच दारात असेल, किंवा वळणावळणाच्या ट्रॅकवरही जायचं असेल, तर के२० च ठेवा आणि खर्च कॅमवर करा.

वापरलेलं इंजिन घेताना विकणाऱ्याला व्हॉल्व्ह कव्हर उघडायला लावा. एक्झॉस्ट कॅमच्या लोबवरून (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या उंचवट्यांवरून) नख फिरवा. नख अडलं, तर किंमत कितीही कमी सांगितली तरी परत या.