व्हॉल्व्हचा म्हणून दिला, आत निघाली चिप

परभणीकडच्या एका भजनी मंडळाने वर्गणीतून १८ हजारांना ‘व्हॉल्व्हचा ३०० वॅट’ अ‍ॅम्प्लिफायर घेतला. व्हॉल्व्ह म्हणजे आवाज वाढवणारी काचेची निर्वात नळी. सप्ताहाच्या दुसऱ्याच रात्री दोन्ही बॉक्सचे ट्विटर, म्हणजे उंच सुरांचे छोटे स्पीकर, जळाले. खोलून पाहिलं तर वर मिरवणाऱ्या दोन नळ्या ६जे१, म्हणजे फक्त कमजोर सिग्नल आधी थोडा उचलणाऱ्या प्रीअ‍ॅम्पच्या. त्यांच्या बुडाशी नारिंगी एलईडी चिकटवलेले. स्पीकर चालवत होती ती हीटसिंकखालची नखाएवढी, ट्रान्झिस्टरवर चालणारी क्लास-डी चिप.

खरं तर खोलायचीही गरज नव्हती. अ‍ॅडॉप्टरवरच छापलंय: १९ व्होल्ट, ४.७४ अँपिअर. गुणाकार ९० वॅट. आत ९० जातात, मग बाहेर ३०० येणार कुठून? स्पीकरऐवजी ८ ओहम, ५० वॅटचा रेझिस्टर लावला, मोबाइलवरून १०० हर्ट्झचा टोन दिला आणि तो फाटायच्या आत थांबून मीटर एसीवर लावला. १२ व्होल्ट. १२ गुणिले १२, भागिले ८: एका चॅनेलला, म्हणजे एका बॉक्सला, १८ वॅट!

विकणारा सांगतो, ‘व्हॉल्व्हचा १ वॅट म्हणजे ट्रान्झिस्टरचे ५.’ हे साफ खोटं. वॅट तो वॅटच. फरक पडतो तो क्षमता संपल्यावर. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प हळूहळू दबतो, त्याच्या डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे आवाजाच्या विकृतीत, अनेकदा दुसरा हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट कंपनांचा सूर) जास्त असतो, म्हणून कानाला तो सुसह्य वाटतो. ट्रान्झिस्टर किंवा चिप मर्यादेपर्यंत स्वच्छ वाजते आणि तिथून पुढे लहरीचं टोक सपाट कापते. त्यातून निघणारे वरचे हार्मोनिक थेट ट्विटरवर जातात. या मंडळाचे ट्विटर त्यातच गेले. दुप्पट वॅट घेतले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल, हेही ध्यानात ठेवा.

खरा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प उचलताना जड लागतो, कारण पॉवर ट्रान्सफॉर्मरबरोबरच प्रत्येक चॅनेलला वेगळा आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो. ईएल३४ या पॉवर नळीची जोडी साधारण ३५ ते ५० वॅट देते, ३०० नाही. चालू केल्यावर आवाज यायला १५-२० सेकंद लागतात. एलईडी मात्र लगेच पेटतो. नळी काढून पाहायचा मोह टाळा, खऱ्या अ‍ॅम्पमध्ये बंद केल्यावरही कपॅसिटरवर ४०० व्होल्ट राहू शकतात. आणि गावात लाइट १८० व्होल्टवर आली की नळी तापवणारा ६.३ व्होल्टचा हीटर ४.९ वर येतो, आवाज बसतो. स्टॅबिलायझर धरूनच बजेट करा.

बिलावर आरएमएस वॅट (सलग देता येणारी ताकद), किती ओहमला आणि किती टक्के डिस्टॉर्शनला, एवढं लिहून घ्या. पीएमपीओचा, म्हणजे क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला, आकडा चालवून घेऊ नका. फसलात तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात जायला २ वर्षांची मुदत असते. बिल, खोका आणि अ‍ॅडॉप्टर तोवर जपून ठेवा.