गड्डा दिवाळीत नसतो

आधी कामाचं सांगते, बाकीचं नंतर. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले असं नुसतं वाटलं तरी त्याच मिनिटाला 1930 ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. घरी कसं सांगू याचा विचार करत बसू नका, ज्यानं फसवलं त्या माणसाला आणखी एकदा विचारून बघू असंही म्हणू नका. मी नऊ दिवस थांबले. खरं तर सोलापूरकरानं हा आकडा विसरूच नये. 1930 सालीच इथं मार्शल लॉ लागला आणि पुढच्या जानेवारीत आपले चार हुतात्मे फासावर गेले. चार पुतळ्यांसमोरून मी रोज दोनदा जाते. तरी त्या नऊ दिवसांत मला हा नंबर सुचला नाही, कारण कुणाशी बोलायचीच इच्छा उरली नव्हती.

मी 29 वर्षांची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात एक्सपोर्टची कागदपत्रं बघते: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल. अप्पा जाऊन चार वर्षं झाली. घरी आई आणि मी, दादा-वहिनी पुण्यात. तीन वर्षं स्थळं बघणं चाललं होतं. त्यातली दोन सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जुळे सोलापुरातून एक स्थळ आलं, तेव्हा मुलासोबत अकरा माणसं आली. आईनं सकाळपासून पोहे भिजवले होते, ते पहिल्या फेरीतच संपले आणि शेजारच्या काकूंकडून पातेलंभर आणावे लागले. चहा झाल्यावर मुलाच्या आत्याबाई उठल्या, मला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि पर्समधली पेन्सिल काढून डोक्यावर खूण केली. मग टेपनं मोजलं. "पाच-तीन सांगितलं होतं की हो, पाच-दोनच भरालंय," असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या. मुलगा पूर्ण वेळ चपलांकडे बघत होता. ती खूण अजून चौकटीवर आहे. आई दिवाळीला रंग देताना तेवढी जागा ओल्या फडक्यानं घासते, जात नाही.

दुसऱ्या वेळी ठरलं की मुला-मुलीनं बाहेर भेटावं. सात रस्त्याजवळच्या हॉटेलात भेटलो. शेजारच्या टेबलावर त्याचे मामा बसलेले. मी मुलाला विचारलं, तुम्हाला वाचायला काय आवडतं? मुलानं मामांकडे बघितलं. मामा डोसा बाजूला सारून म्हणाले, "पेपर वाचतो रोज." पुढचा अर्धा तास माझं बोलणं मामांशीच झालं. मुलगा मनानं वाईट नव्हता, जाताना हळूच "सॉरी" म्हणाला. पण मला माझ्याशी स्वतःच्या तोंडानं बोलणारा माणूस हवा होता. एवढंच हवं होतं, आणि ते मागणं आजही मला चुकीचं वाटत नाही.

म्हणून ऑगस्ट 2024 मध्ये मी एका विवाहजुळणी अॅपवर स्वतःचं नाव स्वतः नोंदवलं. माहिती मनापासून लिहिली. काम लिहिलं, वडील नाहीत हे लिहिलं, आपल्या गावाशी नाळ असलेला जोडीदार हवा असंही लिहिलं. आता वाचते तेव्हा लक्षात येतं की मला कुठल्या दारातून गाठायचं, त्याचा पत्ता मीच दिला होता.

गणपती झाल्यावर त्याचा मेसेज आला. नाव इथं लिहीत नाही. ते खोटं होतं आणि त्या नावाची खरी माणसं कितीतरी असतील. मूळचा बाळीवेशीतला, वडील बँकेत, पाचवीत असताना बदली झाली म्हणून गाव सुटलं. आता नेदरलँड्समध्ये, रॉटरडॅम बंदरावर इंजिनिअर. "तुमचे टॉवेलचे कंटेनर माझ्याच बंदरात उतरतात," असं त्यानं लिहिलं. हे वाक्य वाचून मी कितीतरी वेळ हसत होते. न्हावाशेवाहून रॉटरडॅमला जाणारी कागदं मी खरंच करते. कंटेनर कुठल्या टर्मिनलला लागतो, असं एकदा सहज विचारलं, तर म्हणाला, बंदर फार मोठं आहे. मी पुन्हा विचारलं नाही.

त्याचं मराठी पुस्तकी होतं. "काय करालायस?" असं मी लिहिलं की उत्तर यायला वेळ लागायचा. एका रात्री त्यानं लिहिलं, "आज मी तुला खूप चुकवले." मी दोनदा वाचलं. इंग्रजीत आठवण येण्याला जो शब्द आहे त्याचा दुसरा अर्थ चुकणं होतो, हे कळायला मला मिनिट लागलं नाही. म्हणजे तो मशीनकडून भाषांतर करून घेत होता. पण मी मनाची समजूत घातली की इतकी वर्षं बाहेर राहिल्यावर माणसाची भाषा गंजतेच.

आणि गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेतली आमची जत्रा. तो म्हणाला, लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत गड्ड्यात पाळण्यात बसायचो. सोलापुरातलं पहिलीतलं पोरही असं म्हणणार नाही. सिद्धेश्वराची यात्रा संक्रांतीला असते, सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि गड्डा भरतो तो तेव्हा, होम मैदानावर. मी काय केलं? त्याला दुरुस्त केलं. "अरे, गड्डा संक्रांतीला असतो," म्हटलं आणि पुढं भरभरून सांगत सुटले. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, कुंभारकन्येशी होणारं लग्न. अप्पा मला खांद्यावर बसवून मौत का कुआ दाखवायचे आणि मोटारसायकल वर चढली की मी त्यांचे केस घट्ट धरायची, तेही सांगितलं. शेंगाचटणी दह्यात कालवून, वर कच्चं तेल घालून, त्यात कडक भाकरी चुरून खायची, हेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "तीच चव शोधतोय इतकी वर्षं." त्या माणसाला सोलापूरचं जे काही ठाऊक होतं ते माझ्याकडूनच गेलेलं होतं. तो माझंच मला परत देत होता आणि मला वाटत होतं, आमचं किती जुळतं.

कोजागिरीला मी गल्लीतल्या बायकांबरोबर तुळजापूरला चालत गेले. दरवर्षी जाते. रात्रभर रस्त्यावर माणसं असतात, लोक चहा-दूध वाटतात, केळी देतात, कुणी पाय चेपून देतं. त्या रात्री दर अर्ध्या तासाला त्याचा मेसेज येत होता. तामलवाडीच्या पुढं माझ्या टाचेला फोड आला, तेव्हा त्यानं लिहिलं, "बूट काढ, मोजा उलटा घाल, मी जागा आहे." पहाटे देवळाचा कळस दिसला तेव्हा मी देवीला त्याच्यासाठी हात जोडले. हे लिहायला जड जातंय. पण ज्यांना वाटतं की फसणाऱ्या बायका लोभी असतात, त्यांनी हे वाचावं. मला पैसे नको होते. कुणीतरी माझ्यासाठी रात्रभर जागं होतं, हे मला हवं होतं.

पैशाचा विषय त्यानं दिवाळीनंतर काढला, तोही माझ्याकडून काही न मागता. लग्नानंतर विजापूर रोडला घर घ्यायचं, तर दोघांनी मिळून आतापासून जमवू या, असं. तो एका शेअर ट्रेडिंग अॅपवर गुंतवायचा. त्यानं लिंक पाठवली. ते अॅप प्ले स्टोअरवर नव्हतं, लिंकवरूनच उतरवून घ्यावं लागलं. मी 10,000 टाकले, पाच दिवसांत 11,600 झाले आणि काढून बघितले तर खरंच माझ्या खात्यात आले. हा पहिला नफा म्हणजे गळाला लावलेलं पीठ. मग 40,000. मग 1,10,000. मग अप्पांनी माझ्या नावानं ठेवलेली दोन लाखांची ठेव मोडली. ठेव मोडताना काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, "लग्न ठरलं वाटतं?" मी हो म्हणाले.

प्रत्येक वेळी पैसे वेगळ्या नावाच्या खात्यात जात होते. एकदा कुठलंसं ट्रेडर्स, एकदा एंटरप्रायझेस, एकदा सरळ एका माणसाचं नाव. मी दिवसभर पार्टीचं नाव आणि बँक खातं जुळतं का ते तपासते, एका अक्षराचा फरक असेल तर कागद परत पाठवते. इथं तपासलं नाही. ब्रोकरची नोंदणी सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावर बघता येते, दोन मिनिटांचं काम आहे. तेही केलं नाही.

अॅपवर 6,57,000 दिसत होते. डिसेंबरच्या सुरुवातीला मी काढायला गेले तर संदेश आला, नफ्यावर 20 टक्के कर आधी भरा: 61,400. शेअर वर्षाच्या आत विकले तर नफ्यावर 20 टक्के कर असतो, हा दर खरा आहे आणि त्या खरेपणानंच माझा घात केला. मी 3 डिसेंबरला भरले. लगेच पुढचा संदेश: खातं पडताळणीसाठी 50,000. तिथं मी थांबले. शेअरच्या नफ्यावरचा कर आपण आपला सरकारला भरतो, रिटर्नमध्ये दाखवतो. आपलेच पैसे सोडवायला ब्रोकरच्या हाती आगाऊ कर कुणी देत नाही. हे मला आधीही माहीत होतं. त्याला तसं लिहिलं तर म्हणाला, "तुझा माझ्यावर विश्वास नाही?" आणि दुसऱ्या दिवशी दोन्हीकडून ब्लॉक.

एकूण हिशेब: गेले 4,21,400, परत आलेले 11,600. म्हणजे 4,09,800.

त्या रात्री त्याचा फोटो गुगल लेन्सवर टाकला. तोच चेहरा, तोच निळा शर्ट, दुसऱ्याच देशातला एक व्यायाम शिकवणारा माणूस, त्याच्या बायको-मुलांसकट. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. व्हिडिओ कॉल एकदाच झाला होता, चाळीसेक सेकंदांचा, अंधारात, ओठ आणि आवाज मागेपुढे होत होते. नेटवर्कवर ढकललं होतं सगळं.

मग ते नऊ दिवस. मी कामावर जात होते, इन्व्हॉइस करत होते. नवव्या रात्री आई ताट घेऊन माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "अप्पांची ठेव मोडलीस ना? बँकेतला मेसेज तुझ्या जुन्या फोनवर येतो, तो माझ्याकडं आहे." तिला सगळं कधीच कळलं होतं, मी सांगेन म्हणून ती थांबली होती. रागावली नाही. फोन माझ्या हातात दिला.

1930 वर खातं नंबर, प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम आणि यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा बँकेचा क्रमांक, विचारतात. यूपीआयच्या पावतीवर तो बारा आकडी असतो. आधी कागदावर उतरवून ठेवा. तक्रारीचा क्रमांक एसएमएसवर येतो, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर उरलेला तपशील भरायचा. पैसे ज्या खात्यात गेले तिथं शिल्लक असेल तेवढेच गोठवता येतात. अशी खाती भाड्यानं घेतलेली असतात, पैसा तासाभरात एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चौथ्यात जातो. नऊ दिवसांनी माझे 38,500 सापडले. तेही हातात यायला तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता.

सायबर पोलीस ठाण्यातल्या मॅडमनी माझं बोलणं एकदाही तोडलं नाही. त्यांनी चॅट पुसू नका असं बजावलं. मी रागाच्या भरात अर्धं पुसलं होतं. तुम्ही ते करू नका. स्क्रीनशॉट, लिंक, अॅप, सगळं आहे तसं ठेवा.

तक्रारीनंतर महिन्याभरात एका "सायबर वकिला"चा फोन आला. माझी रक्कम त्याला रुपयापर्यंत माहीत होती. 8,000 फी भरा, सगळे परत मिळवून देतो म्हणाला. एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढं विकल्या जातात, हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं म्हणून वाचले.

यंदाच्या अक्षतेला मी आईबरोबर गेले. परत आल्यावर काही दिवसांनी बार्शीच्या एका मैत्रिणीनं तिच्या मावसबहिणीचे मेसेज मला दाखवले. ती पण नोकरी करते, तिलाही वडील नाहीत. मुलगा मूळचा सोलापूरचा, परदेशात असतो, बोलायला फार चांगला आहे, म्हणून मैत्रिणीला शंका आली होती. नाव वेगळं होतं, फोटो वेगळा होता. मी वाचत गेले. शेंगाचटणी दह्यात कालवून, वर कच्चं तेल. वडील खांद्यावर बसवून मौत का कुआ दाखवायचे आणि मोटारसायकल वर चढली की मी त्यांचे केस घट्ट धरायचो.

मी तिला तिथूनच फोन लावला. तिनं अजून पैसे दिले नव्हते, लिंक मात्र आलेली होती. ते सगळे स्क्रीनशॉट माझ्या तक्रारीच्या क्रमांकासह ठाण्यात दिलेत.

त्यात गड्डा आता बरोबर संक्रांतीला होता.